ग्रुपवर गेलेली हाळी

आमच्या वस्तीवर मोबाईलला रेंज नव्हती. आता थोडी आली आहे, पण तीही चुलीपाशी नाही, पत्र्याखाली नाही, फक्त दारातल्या मोठ्या दगडावर उभं राहिलं तर. करोनात शाळा बंद झाल्या आणि सरांनी आमच्या आठवीच्या वर्गाचा ग्रुप काढला, तेव्हा तर ती वस्तीच्या वरच्या माळावरच सापडायची. माळावर जायची ती आई, शेळ्या घेऊन. त्यामुळं माझी शाळा आईबरोबर चरायला जायला लागली.

घरात फोन एकच. वडील सोलापूरला वॉचमन होते, त्यांनीच तो आणून दिला होता, आणि त्यांचा फोन आला तर उचलता यावा म्हणून तो आईच्या कमरेच्या पिशवीत असायचा. मी म्हणायचे, मी येते ना माळावर, तिथंच अभ्यास करते. आई येऊ द्यायची नाही. "तू पुस्तकापाशी बस. शेळ्यांचं म्या बघती," एवढंच तिचं उत्तर. सर दिवसभर ग्रुपवर फळ्याचे फोटो टाकायचे, ते माळावर आईच्या पिशवीतच फोनमधे उतरायचे, आणि दिवस मावळताना फोन घरी आला की मी ते वहीत उतरवायचे. शेळ्यांचा वास यायचा त्या फोनला. मला तेव्हा तो आवडायचा.

सरांनी एक नियम काढला होता. सकाळी हजेरी द्यायची ती आवाजात. नुसतं 'हजर' लिहिलं तर कोण लिहितंय ते कळत नाही, म्हणून प्रत्येकानं स्वतःच्या तोंडानं बोलायचं. खालच्या गावातली पोरं अंथरुणातनं बोलायची. माझी हजेरी मात्र आई द्यायची, कारण रेंज तिच्याकडं होती. बटण दाबून कसं धरायचं ते मीच तिला शिकवलं होतं. धरून ठेवायला तिचा अंगठा दमायचा, म्हणून बोट वर सरकवलं की आपोआप चालू राहतं, हेही दाखवलं होतं. ती डोक्यावर पदर घ्यायची, ताठ उभी राहायची आणि फोनला म्हणायची, "सर, पोरगी हजर हाय बघा." सर समोर उभे असल्यासारखं. मी घरात भाकरी थापत असायचे आणि तिकडं माझी हजेरी लागायची.

आईचं माहेर सीमेपलीकडं, कानडी मुलखात. लग्नाला इतकी वर्षं झाली, की माणसांशी ती आता मराठीच बोलते, आमच्या लोहारा तालुक्यातली ठसठशीत मराठी. पण जनावरांशी तिची भाषा बदललेली नाही. शेळ्यांना बोलवायची तिची एक हाळी होती. तोंडाशी हात न धरता, मान जरा वर करून ती म्हणायची, "बाऽरेऽ… बा बा बा बा…" म्हणजे ये, ये गं बये. त्यातला 'बाऽरेऽ' लांबत जायचा, माळ ओलांडून ओढ्यापर्यंत, आणि मागचे 'बा बा' पटापटा पडायचे. काळ्याभोर शेळ्या लांब कान हलवत जिथं असतील तिथनं निघायच्या. करडं तर उड्या मारत यायची.

संध्याकाळी शेळ्या दावणीला बांधून झाल्या की तीच हाळी ती मला द्यायची. मी ओढ्यात असेन, शेजारच्या वस्तीवर असेन, कुठंही असेन, "बाऽरेऽ" ऐकू आलं की निघायचं. त्यात तिला काही वेगळं वाटायचं नाही आणि मलाही वाटायचं नाही. शेळ्या तिच्या, मी तिची. मला वाटतं, लहानपणी माझं नाव मला नंतर कळलं असेल, आधी हेच कळलं असेल.

आता त्या दिवसाचं सांगते. त्या सकाळी आईनं हजेरी दिली, बोट वर सरकवलं आणि फोन तसाच पिशवीत टाकला. तिकडं तो ऐकतच राहिला. मग केव्हातरी तिनं वेळ बघायला फोन काढला, तेव्हा कुठंतरी बोट लागलं आणि सगळं ग्रुपवर गेलं. त्यात आधी हजेरी होती. मग पदराची खसखस, चढणीचा दम, मग ती हाळी. आणि मग आई म्होरक्या शेळीशी बोलत होती. दिवसभर माणूस भेटत नाही, तेव्हा ती शेळ्यांशी बोलते, हे मला माहीत होतं. काय बोलते ते माहीत नव्हतं. ती म्हणत होती, "तुला काय, खातीस आन् झोपतीस. माझी बाय बघ, वह्यांच्या वह्या भरती. मॅडम हुनार हाय ती. मॅडम झाली की तुला न्हाय वळखायची, सांगून ठेवती." मग जरा हसली, आणि पुन्हा "बाऽरेऽ".

संध्याकाळी मी फोन हातात घेतला तेव्हा पुसून टाकायची वेळ निघून गेली होती. खाली सगळी हसणारी तोंडं होती, रांगच्या रांग. सरांनी हात जोडून लिहिलं होतं, 'पालकांनी कृपया ग्रुपवर अनावश्यक मेसेज टाकू नयेत.' मी तो मेसेज किती वेळ बघत बसले कुणास ठाऊक. आई भांडी घासत होती. तिनं विचारलं, "सर काय म्हणलं? लागली का हजेरी?"

"लागली," मी म्हणाले.

"रोज लावती म्या, एक दिस चुकवली न्हाय," आई म्हणाली. तिला खरंच अभिमान होता. तिच्यासाठी ती शाळाच होती, जी तिला कधी मिळाली नव्हती.

त्याच क्षणी मी तिला सांगायला हवं होतं असं लोक म्हणतील. म्हणू देत. त्यांच्या आईचा आवाज कुणी असा हातोहात फिरवला नसेल. आजवर मला काहीही झालं, पाय मुरगळला, कुणी खोडी काढली, वाईट स्वप्न पडलं, तर मी ते आईला सांगायचे. सांगायला दुसरं माणूस मला नव्हतंच. आणि आता जे झालं होतं, ते नेमकं तिलाच सांगता येत नव्हतं. ग्रुपचं मी तिला एवढंच सांगितलं, की सरांनी आवाजाची हजेरी बंद केली आहे. ती म्हणाली, "बंद का केली? बरी हुती की."

सरांचा ग्रुप होता तसा पोरांचाही एक होता, सर नसलेला. मला त्यात घेतलेलं नव्हतं. त्यात काय चाललंय ते मला माझ्या बाकावरच्या मैत्रिणीनं दाखवलं. पाचवीपासून आम्ही एका बाकावर बसायचो. तिच्या डब्यातली चटणी माझी, माझ्या डब्यातली धपाटी तिची. तिनं मला एक व्हिडिओ पाठवला. आईच्या हाळीला कुणीतरी डीजेचा ठेका लावला होता, आणि त्यावर एक काळी शेळी नाचत होती. शेळीच्या तोंडाच्या जागी माझ्या ओळखपत्रावरचा फोटो होता, वेणीसकट. मधे ठेका थांबायचा आणि आईचा आवाज यायचा, "मॅडम हुनार हाय ती." मग पुन्हा ठेका.

खाली मैत्रिणीनं लिहिलं होतं, 'बघ गं, तुझी आई फेमस झाली.' मी विचारलं, कुणी केलं हे? ती म्हणाली, कुणी केलं माहीत नाही, पण आवाज वेगळा कापून टाकला तो मीच, सगळ्यांना लई आवडला. मला वाटतं तिच्या मनात फार काही वाईट नव्हतं. तिच्या मनात काहीच नव्हतं, हेच मला आजही सहन होत नाही.

मग शाळा सुरू झाली. आम्ही नववीत गेलो होतो. मी वस्तीवरनं चालत फाट्यावर जायचे, तिथनं जीप किंवा एसटी. पहिल्या दिवशी जीपमधनं उतरले तर शाळेच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या पोरांतनं एकजण बारीक आवाजात म्हणाला, "बाऽरेऽ." दुसऱ्यानं मागनं "बा बा बा बा" जोडलं. ते फार छान जमलं होतं त्यांना. इतक्या वेळा ऐकलं होतं त्यांनी, की आईचा श्वाससुद्धा बरोबर घेत होते.

वर्गात गेले तर माझ्या बाकावर माझ्या मैत्रिणीशेजारी दुसरीच मुलगी बसलेली. मैत्रीण म्हणाली, "तू मागं बस ना, तिला फळा दिसत न्हाय." मी मागं बसले. शेवटचा बाक, खिडकीपाशी, शेजारी कुणी नाही. दहावी संपेपर्यंत तोच माझा बाक होता.

सर हजेरी घ्यायचे. माझा नंबर आला की मी 'हजर' म्हणायच्या आत कुठूनतरी कुजबूज यायची, "पोरगी हजर हाय बघा." सर वर बघेपर्यंत सगळे वहीत डोकं घालून बसलेले. गणिताचं उत्तर बरोबर आलं तर, "मॅडम हुनार हाय ती." चुकलं तरी तेच. दप्तरात शेळ्या खातात त्या बाभळीच्या शेंगा निघायच्या. एकदा माझ्या डब्यात भाकरीवर निघाल्या. पोरं हे करायची आणि पोरी हसायच्या, किंवा पोरी करायच्या आणि पोरं हसायची. त्यांची आपसांत कितीही भांडणं असोत, या एका बाबतीत वर्गात एकी होती.

मधल्या सुट्टीत मी पाण्याच्या टाकीमागं बसून डबा खायचे. तिथं ओल असायची, मुंग्या असायच्या, पण कुणी यायचं नाही. पलीकडं मैदानावर सगळ्यांचा आवाज मिळून एक मोठा आवाज व्हायचा आणि त्यात माझा नसायचा. मला तेव्हा कळलं, की एकटेपण म्हणजे जवळ कुणी नसणं नव्हे. जवळ सगळे असतात, आणि सगळ्यांना तुमच्याबद्दल काहीतरी माहीत असतं.

एकदा मी सरांकडं गेले. धीर करून म्हणाले, "सर, मला चिडवतात."

"काय म्हणून चिडवतात?"

तेच तर मला सांगता येईना. सांगायचं म्हणजे ती हाळी स्वतःच्या तोंडानं काढायला हवी होती. सरांना मग आठवलं असावं. ते वाईट माणूस नव्हते. हसून म्हणाले, "अगं, पोरं गंमत करतात. चार दिवस करतील, विसरतील. आईला जरा मोबाईल नीट वापरायला शिकव."

"सर, तुम्ही सांगा ना त्यांना."

सरांनी सांगितलं. दुसऱ्या तासाला भर वर्गात मला उभं करून ते म्हणाले, "हिच्या आईचा आवाज कुणी काढायचा नाही. समजलं?" वर्ग म्हणाला, "हो सऽर." तो 'सऽर' अगदी 'बाऽरे'च्या चालीत होता. दुसऱ्या तुकडीतल्या ज्या पोरांना काही माहीत नव्हतं, त्यांनाही सुट्टीत माहीत झालं. पुन्हा मी सरांकडं गेले नाही.

शाळेतलं एक वेळ चाललं असतं. पण मी घरी यायचे आणि तिन्हीसांजेला आई दारात उभी राहून हाळी द्यायची, "बाऽरेऽ…" तोच आवाज, तोच सूर, ज्यासाठी मी ओढ्यातनं पळत यायचे. आता तो कानावर पडला की आधी फाटकापाशी उभी असलेली पोरं दिसायची. आई त्यांची नक्कल करते आहे असं वाटायचं. मला त्या पोरांचा सगळ्यात जास्त राग येतो तो यासाठी. शेंगांसाठी नाही, फोटोसाठी नाही. माझी आई मला बोलवायची आणि तेवढ्यात ती मधे येऊन उभी राहायची.

मी ओ द्यायचं सोडलं. ऐकू आलं नाही असं करून बसायचे, मग सावकाश, आपणहून आल्यासारखी घरी यायचे. आईनं काही दिवस आवाज वाढवून बघितला. मग एके दिवशी जवळ येऊन तिनं माझा कान ओढून आत बघितलं.

"दुखतोय का?"

"न्हाय."

"मग आयकू का येईना गं?"

मी म्हणाले, "कमी येतंय जरा."

झालं. तिनं पळीत तेल घेतलं, त्यात लसणाची पाकळी तळली, कोमट केलं आणि मला मांडीवर आडवं करून कानात घातलं. वर कापूस लावला. मग रोजचाच नेम झाला. पुस्तक बाजूला ठेवायचं, मांडीवर आडवं व्हायचं, एक कान झाला की दुसरा. तेल आत उतरलं की बाहेरचं सगळं लांब गेल्यासारखं व्हायचं. आई वरनं काहीतरी बोलत असायची, देवीला नवस बोलल्याचं, तुळजापूरला जाऊन येऊ म्हणून, आणि तिचा हात माझ्या केसातनं फिरत असायचा. मला रडू यायचं. ती म्हणायची, "झोंबतंय व्हय? थोडं झोंबंल, पर गुण येतोय." मी हो म्हणायचे. वर्गात मग लसणाच्या वासावरून आणखी एक नाव पडलं, पण ते सांगण्यासारखं नाही.

शाळेत मी शेळी होते आणि घरात बहिरी होते. दोन्हीकडं माझी मी कुठंच नव्हते. आणि तरीही मला रोज एकच गोष्ट हवी असायची. आईला कळू नये. ते व्हिडिओ माझ्यावर आहेत असं मला कधी वाटलंच नाही. ते तिच्यावर होते. तिला वाटत होतं तिनं माझी हजेरी लावली, आणि लोक तिच्या मायेवर नाचत होते.

तिला ते कळलं ते एका रविवारी. शाळेला सुट्टी, आई जरा तापानं कणकणलेली, म्हणून पहिल्यांदाच तिनं मला बरोबर माळावर येऊ दिलं. आमच्या माळाच्या पायथ्याशी लोहाऱ्याकडं जाणारी सडक वळते. त्या वळणावर एक मोटरसायकल थांबली. गाडीवर माझ्या वर्गातली पोरं होती, एकाच्या हातात गाणी वाजवायचा स्पीकर. त्यांनी मला वर उभी बघितलं असावं. आणि त्यांनी ते लावलं.

मी आजवर ते फोनवर ऐकलं होतं. उघड्या माळावर, एवढ्या मोठ्यानं, कधीच नाही. ठेक्याआधी आईचा आवाज आला, "बाऽरेऽ… बा बा बा बा…" वारा खालनं वर होता.

शेळ्यांनी माना वर केल्या. त्यांना ठेका काय आणि मोबाईल काय. त्यांची धनीण बोलवत होती. म्होरकी आधी निघाली, मग सगळ्या, बोरीच्या झुडपातनं, दगडांवरनं, कान हलवत, तशाच जशा रोज आईकडं यायच्या. त्या उतारानं सडकेकडं धावत सुटल्या. आई उठून उभी राहिली. तिला क्षणभर काही कळेना. मग तिनं हाळी दिली, खरी, ताप अंगात असताना, जीव खाऊन. "बाऽरेऽ!" शेळ्या थांबल्या. खालनंही आवाज, वरनंही तोच. अर्ध्या वळल्या, अर्ध्या पुढं गेल्या, आणि म्होरकी मधेच सडकेवर उभी राहून एकदा इकडं बघायची, एकदा तिकडं.

लोहाऱ्याकडनं जीप आली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, म्हणून जीव वाचला. म्होरकी घाबरून उडाली ती कडेच्या पाण्याच्या चारीत पडली आणि तिचा पुढचा पाय मोडला. पोरांनी मोटरसायकल सुरू केली. पण स्पीकर बंद करायचं त्यांना भान नव्हतं. ती वळणावरनं दिसेनाशी होईपर्यंत आईला सगळं ऐकू आलं. तिची सकाळची हजेरी, तिचा दम, तिचं हसणं. "मॅडम हुनार हाय ती." आणि ठेका.

आम्ही चारीत उतरलो. आईनं शेळीचं डोकं मांडीवर घेतलं. पोरांना तिनं एक शिवी दिली नाही. ती माझ्याकडं बघत होती.

"त्यो माझा आवाज हाय न्हवं?"

"व्हय."

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"कवापासनं?"

"शाळा बंद हुती तवापासनं."

ती बराच वेळ शेळीच्या पायावरनं हात फिरवत राहिली. मग खाली मान घालूनच म्हणाली, "म्हंजी कान चांगलं हायती तुझं."

तिनं बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला, शेळी खांद्यावर घेतली आणि आम्ही घरी आलो. त्या दिवशी तेलाची पळी चुलीपाशी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी माळावर जाताना आईनं एक जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, जुनी ताटली आणि काठी बरोबर घेतली. त्यानंतर तिनं शेळ्यांना हाळी दिली नाही. ताटली वाजवायची. शेळ्यांना ते कळायला फार दिवस लागले. ती बडवत राहायची आणि त्या बुचकळ्यात पडून तिच्या तोंडाकडं बघायच्या. म्होरकी शेवटपर्यंत शिकली नाही. लंगडत आईच्या मागंमागंच राहिली, लांब गेलीच नाही.

मलाही तिनं पुन्हा तशी बोलावलं नाही. दारात यायची, मी दिसले तर म्हणायची, "जेवाय ये." मी दिसले नाही तर शोधत यायची, पाय दुखत असले तरी. मला वाटायचं, म्हणावं तिला, दे ना हाळी, मी येते. पण ते माझ्या तोंडून निघालं नाही. आम्ही दोघीही एकमेकींना जपत होतो, आणि त्या जपण्यात घर गप्प होत गेलं.

वर्गातलं चिडवणं मग हळूहळू सरलं. कुणाला पश्चात्ताप झाला म्हणून नव्हे. एका पोराच्या वडिलांनी दुसरं लग्न केलं, आणि वर्गाला नवीन काम मिळालं. तो पोरगाही टाकीमागं येऊन बसायला लागला. आम्ही एकमेकांशी बोललो नाही कधी. तो एका टोकाला, मी एका टोकाला, दोघंही आपापल्या डब्यात बघत.

आता मी लातूरला डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मॅडम होणार आहे, म्होरक्या शेळीला सांगितलं होतं तसं. बाकावरच्या मैत्रिणीनं मधे मेसेज केला होता, 'कशी आहेस? किती मजा यायची ना आपल्या शाळेत!' मी उत्तर दिलं नाही. मोठ्या मनानं माफ करणाऱ्या लोकांबद्दल मी वाचलेलं आहे. त्यांचं कौतुक वाटतं. मला ते जमत नाही.

होस्टेलवर संध्याकाळी पोरी कॉरिडॉरमधे बसतात आणि सगळ्यांच्या आया फोनमधनं बोलत असतात. जेवलीस का, स्वेटर घातलास का, आत्याच्या पोरीचं ठरलं. सगळा मजला आयांच्या आवाजांनी भरून जातो. माझ्या आईचा मिसकॉल येतो. मी फोन केला की ती हळू आवाजात चार वाक्यं बोलते आणि ठेवते. एकदा मी हट्ट धरला, आई, तू पण आवाजाचा मेसेज पाठव ना. तिनं पाठवला. त्यात नुसता वारा होता आणि लांबवर एका घुंगराचा आवाज. तिनं बटण धरलं होतं, बोलली नव्हती. तो मी उशीशी धरून बऱ्याचदा ऐकला आहे.

तो जुना फोन कधीच बिघडला. तिची ती हाळी माझ्याकडं नाही. ज्यांना हसायला हवी होती, त्यांच्याकडं कुठंतरी असेल अजून.

यंदा दिवाळीला घरी गेले. फाट्यावर उतरले आणि सडकेनं चालत त्या वळणापाशी आले. वर माळावर आई दिसत होती, पाठमोरी, हातात ताटली. शेळ्या पांगल्या होत्या. म्होरकी मागच्याच उन्हाळ्यात गेली, बाकीच्या जुन्याही विकल्या गेल्या, या सगळ्या नवीन. मी बॅग सडकेच्या कडेला ठेवली. मी ती हाळी आयुष्यात कधी दिली नव्हती. इतरांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली, पण मी स्वतः कधीच नाही. मान जरा वर केली आणि दिली.

"बाऽरेऽ… बा बा बा बा…"

एकाही शेळीनं मान वर केली नाही. त्यांना ते काय आहे हेच माहीत नव्हतं. चरत राहिल्या.

आई वळली. ताटली तिच्या हातातनं तिथंच पडली. ती उतारानं यायला लागली, आधी चालत, मग जवळजवळ पळत, बोरीच्या झुडपांतनं, दगडांवरनं, शेळ्या सगळ्या मागं सोडून. माझ्यापाशी येऊन थांबली. दम लागला होता तिला. तिनं आधी माझ्याकडं बघितलंच नाही. सडकेच्या या टोकाला बघितलं, मग त्या टोकाला.

"हळू गं," ती म्हणाली. "कुनीतरी मोबाईल काढंल."

"काढू दे."

तिनं माझा कान पकडला, लहानपणी बघायची तसा, आणि सोडला. सडक रिकामी होती. तिनं पुन्हा एकदा खात्री करून घेतली. आणि मग ती म्हणाली, "बाऽरे." इतक्या हळू म्हणाली, की शेजारी शेळी उभी असती तर तिलाही ऐकू गेलं नसतं.

मला आलं. माझे कान चांगले आहेत.